फर्मानाच्या दोन ओळींमधली जागा

प्रश्न असा आला आहे: "कैरोच्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या हिब्रू प्रार्थनांच्या पाठीमागे अरबी सरकारी कागदांचे तुकडे आहेत. रद्दीत गेलेल्या, कापलेल्या कागदांवरून राज्यकारभाराबद्दल भरवशाचं काही सांगता येतं का? आणि सरकारी कागद असे रद्दीत गेले, म्हणजे त्या सरकारला दफ्तराची किंमत नव्हती असंच ना?"

पहिल्या भागाचं उत्तर, हो, पुष्कळ सांगता येतं. दुसऱ्या भागाचं उत्तर, नाही. माझ्या मते गोष्ट जवळजवळ उलट आहे. ती का, ते नीट सांगतो. मी मोडी आणि फारसी कागद वाचत वाचत अरबी दफ्तराकडे वळलो, आणि गेली बरीच वर्षं याच तुकड्यांपाशी बसलो आहे. त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे.

आधी जागा आणि काळ. फुस्तात, म्हणजे जुनं कैरो. तिथल्या बेन एझरा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, एक कोठी होती. देवाचं नाव ज्यावर असेल तो जीर्ण कागद ज्यू लोक फेकून देत नसत, अशा कोठीत टाकत. तिला गेनीझा म्हणतात. पुढे पुढे हिब्रू अक्षर असलेलं काहीही तिथे जाऊ लागलं: पत्रं, हिशेब, करार, मुलांचे लिहिण्याचे कित्ते. सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये त्यातला मोठा साठा केंब्रिजला नेला. आज तिथे सुमारे १,९३,००० तुकडे आहेत आणि जगभरचे मिळून चार लाखांच्या आसपास धरले जातात. यातला फार मोठा भाग हिब्रू लिपीत आहे. अरबी लिपीतली बाजू दिसली की बरेच अभ्यासक ती 'मागची बाजू' म्हणून सोडून देत, कारण त्यांना समोरची प्रार्थना हवी असे. एस. एम. स्टर्न यांनी १९६४ मध्ये फातिमी खलिफांची दहा फर्मानं छापली, जेफ्री खान यांनी १९९३ मध्ये केंब्रिजच्या संग्रहातले अरबी कायदेशीर आणि सरकारी कागद संपादित केले, आणि २०२० मध्ये मरीना रस्टो यांचं या दफ्तरावरचं मोठं पुस्तक आलं. आता ती मागची बाजू हाच एक स्वतंत्र विषय झाला आहे.

सरकार कोणतं, तर मुख्यतः फातिमी. हे इस्माइली शिया खलिफा ९६९ मध्ये इजिप्त जिंकून आले, त्यांनी कैरो वसवलं, आणि ११७१ मध्ये सलाहुद्दीनने त्यांची राजवट संपवली. अवघी दोनशे वर्षं. या दोनशे वर्षांच्या दरबारी कारभाराचं मूळ दफ्तर कुठल्याही इमारतीत एकत्र उरलेलं नाही. जे उरलं ते दोन मार्गांनी. एक, ज्यांना फर्मान मिळालं त्यांनी ते जपलं. सिनाई पर्वताखालच्या सेंट कॅथरीन मठातल्या साधूंनी खलिफांची फर्मानं आपल्या हक्काचा पुरावा म्हणून शतकानुशतकं सांभाळली. आणि दुसरा मार्ग हा आपल्या प्रश्नातला: कागद निकाली निघाला, कुणीतरी तो कापून पुन्हा वापरला, आणि वापरून झाल्यावर तो गेनीझात पडला.

आता तुकडा हातात घेतल्यावर काय दिसतं ते सांगतो. सगळं उत्तर तिथेच आहे.

समजा तळहाताएवढा कागद आहे. एका बाजूला बारीक, दाट हिब्रू ओळी, एखादं धार्मिक काव्य. कागद उलटवला, आडवा फिरवला, की एक मोठं अरबी अक्षर दिसतं, जाड बोरूने लिहिलेलं. एखादा शब्द, फार तर दोन. मग मोकळा कागद. मग कडेला पुढच्या ओळीतल्या अक्षरांची फक्त डोकी. पहिल्यांदा असे तुकडे पाहिले तेव्हा मी ते लेखनाचा सराव समजून बाजूला ठेवत असे. दोन ओळींमध्ये इतकी जागा कोण सोडेल? फातिमी खलिफाची लेखनशाळा, म्हणजे दरबारचे हुकूम आणि पत्रं लिहून काढणारी कचेरी, सोडत असे. फर्मान म्हणजे कागदाचे ताव एकाखाली एक चिकटवून केलेली गुंडाळी. काही फर्मानं कित्येक मीटर लांब आहेत. ओळीत मोजके शब्द, ओळीचं शेवटचं टोक डावीकडे वर उचललेलं, आणि दोन ओळींमध्ये एवढं अंतर की मध्ये आणखी बऱ्याच ओळी मावतील.

ही उधळपट्टी नव्हे. त्या काळी कागद स्वस्त नव्हता, आणि म्हणूनच ती रिकामी जागा बोलते. वाचणाऱ्याने गुंडाळी उलगडत उलगडत मोठ्याने वाचावी, ऐकणाऱ्यांना आणि पाहणाऱ्यांना एकाच वेळी कळावं की हा हुकूम कुणाचा आहे, यासाठी ती आहे. मजकूर न वाचता, दहा हात लांबून, 'हे खलिफाचं' हे ओळखू यावं. आपल्याकडे फर्मानावरचा तुघ्रा किंवा पत्राखालची मोर्तब जे काम करते, ते काम इथे सबंध पानाची मांडणी करते. सामान्य माणसाच्या अर्जात ही जागा नसते. कागद कुठून निघाला आणि कुठे चालला होता, हे एका शब्दावरूनही कळू शकतं ते यामुळे. मजकूर गेला, तरी ओळींमधलं अंतर उरतं.

अक्षराचीही तीच गोष्ट. दरबारी कारकून नुकते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, बहुतेक गाळत, आणि जी अक्षरं अरबीत पुढच्या अक्षराला जोडत नाहीत ती सर्रास जोडत. मोडी वाचणाऱ्याला हे चटकन उमजेल: हात न उचलता, शब्द तोडायची पर्वा न करता धावणारी लेखणी. असं लिहायला आणि वाचायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं. दूर नाईलच्या वरच्या खोऱ्यातल्या कचेरीतल्या कागदाचं आणि कैरोतल्या कागदाचं वळण एकाच घराण्यातलं निघतं, तेव्हा मागे एक तालीम उभी आहे, गुरू आहेत, पिढ्या आहेत, हे मानावंच लागतं. हे कुठल्याही बखरीत लिहिलेलं नाही.

हीच मोकळी जागा पुढे कागदाच्या दुसऱ्या जन्माला कारण झाली. फर्मानाची गुंडाळी निकाली निघाली की तिच्यात कोऱ्या जागेचा भरपूर ऐवज असे, आणि पाठ तर सगळीच कोरी. सिनेगॉगच्या गायकाला, शाळेच्या पंतोजीला, पत्र लिहिणाऱ्या व्यापाऱ्याला याहून सोयीचं काय? सरकारात ज्यू आणि ख्रिस्ती कारकूनही होते, त्यामुळे कचेरीतला कागद ओळखीनेही फिरत असणार. आणि जुन्या कागदाला बाजार होताच. फारसी प्रवासी नासिर खुस्रो १०४७ च्या सुमारास तिथे होता. तो लिहितो की फुस्तातच्या बाजारात वाणी, अत्तार, किरकोळ विक्रेते माल बांधून द्यायला भांडं किंवा कागद स्वतःच देतात, गिऱ्हाइकाला घरून काही आणावं लागत नाही. ज्या शहरात वाणी कागदात पुडी बांधतो, तिथे कागद किती खेळत असेल याचा विचार करा.

आता कारभार कसा चाले ते पाहू. याचा सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे अर्ज.

अर्जाचा साचा ठरलेला होता आणि तो खान यांनी तुकडे जुळवून जुळवून दाखवून दिला. वर डाव्या कोपऱ्यात अर्जदाराचं नाव, 'दास अमुक'. मग बिस्मिल्ला. मग खलिफावर आशीर्वाद. मग 'दास भूमीचं चुंबन घेतो', आणि त्यानंतर गाऱ्हाणं. मग मागणी. शेवटी, निर्णय स्वामींचा, अशा अर्थाचं वाक्य. अर्ज करणारे सगळेच वजनदार लोक नव्हते. कुणाची मिळकत अडकलेली, कुणावर अधिकाऱ्याने जुलूम केलेला. इ.स. १०२२-२३ च्या सुमारासचा एक अर्ज दरबारातल्या एका स्त्रीच्या नावे आहे. ती बहुधा सित्त अल्-मुल्क, खलिफा अल्-हाकिमची बहीण, जिने त्याच्यानंतर काही काळ राज्याची सूत्रं सांभाळली. बखरकार तिच्या कारस्थानांच्या कथा सांगतात. अर्जावरून मात्र हे दिसतं की लोक तिला दाद मागण्याचं ठिकाण मानत होते आणि ठरलेल्या साच्यात, रीतसर मागत होते.

अर्ज आत गेल्यावर काय व्हायचं? पुढच्या काळात इजिप्तवर राज्य करणाऱ्या ममलूक सुलतानांचा, पंधराव्या शतकातला कारकून अल्-कल्कशंदी (मृत्यू १४१८) आपल्या अवाढव्य ग्रंथात फातिमी रीत नोंदवतो. दोन अधिकारी असत: एक 'बारीक बोरूचा', एक 'जाड बोरूचा'. बारीक बोरूवाला खलिफाजवळचा, तो अर्जावर निर्णयाचा गाभा थोडक्यात टिपणार. जाड बोरूवाला त्याचा सविस्तर हुकूम करणार. मग कागद पुन्हा आत, खलिफाच्या निशाणीसाठी. ती निशाणी म्हणजे 'अल्-हम्दु लिल्लाहि रब्बिल्-आलमीन', सर्व स्तुती विश्वांच्या पालनकर्त्या देवाची. हे सगळं पुस्तकात वाचलं तर एखाद्या कारकुनाने रंगवलेला आदर्श वाटेल. पण अर्जाच्या पाठीवर दुसऱ्या हाताने लिहिलेला शेरा, त्याखाली तिसऱ्या हाताची नोंद, असं प्रत्यक्ष कागदावर दिसतं तेव्हा पुस्तकातली रीत जमिनीवर उतरते. एका कागदावरचे हात मोजले की तो किती टेबलांवरून गेला ते कळतं.

वसुलीचे कागद याहून रुक्ष आणि माझ्या दृष्टीने याहून मोलाचे. फैयूमकडच्या कराच्या पावत्या घ्या. अमुक माणसाने अमुक वर्षाच्या खराजापोटी, म्हणजे जमीनमहसुलापोटी, दिनार इतके, कैरात इतके भरले. कैरात म्हणजे दिनाराचा चोविसावा हिस्सा. पैसे घेणारा जह्बझ, म्हणजे आपला पोतदार: नाणं पारखणारा, मोजून घेणारा, पावती देणारा. एवढ्याशा पावतीवर आजूबाजूला चार-चार निशाण्या असतात. प्रत्येक अधिकाऱ्याचं स्वतःचं एक स्तुतिवाक्य. एकाचं 'देवाच्या देणग्यांबद्दल त्याची स्तुती', दुसऱ्याचं थोडं वेगळं. सही नाही, पण सहीचंच काम. शेजारी 'नोंद झाली' अशा अर्थाचा शब्द. म्हणजे पावती देणाऱ्याच्या वहीत एक नोंद, त्याच्यावर देखरेख करणाऱ्याच्या वहीत दुसरी. वह्या गेल्या. पावतीवरच्या खुणा मात्र सांगतात की वह्या होत्या. हिशेबाच्या ताळेबंदांत आकडे कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या, अंकांत असतात, कारण इजिप्तच्या खजिन्यात पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती हिशेबनीस बसत आले होते. खलिफा शिया, भाषा अरबी, आकडे कॉप्टिक, आणि त्याच कागदाच्या पाठीवर पुढे हिब्रू. हा एका तळहाताएवढ्या कागदाचा कारभार.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. दफ्तराची किंमत नव्हती का?

विसाव्या शतकात बराच काळ असं म्हटलं जाई की मध्ययुगीन इस्लामी राज्यांचे दफ्तरखाने उरले नाहीत, कारण तिथे सगळं सुलतानाच्या लहरीवर चाले, कागदाला हक्क चिकटलेले नव्हते, म्हणून कुणी जपले नाहीत. युरोपात मठांनी आणि नगरांनी सनदा जपल्या, इथे तसं काही नव्हतं. ही मांडणी मला कधीच पटली नाही. रस्टो यांचं पुस्तक तिच्या मुळावरच जातं. दफ्तर उरलं नाही आणि दफ्तर नव्हतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इब्न अल्-सैरफी (मृत्यू ११४७) हा फातिमी लेखनशाळेचा प्रमुख होता. त्याने आपल्या खात्याचे नियम लिहून ठेवले, आणि त्यात दफ्तरदाराचं काम स्वतंत्र दिलं आहे: आलेले-गेलेले कागद, नकला, त्यांचे गठ्ठे, ते मागाल तेव्हा सापडतील असे ठेवणं. आता हे नियम डोळ्यांसमोर ठेवून तुकड्याकडे पुन्हा पाहा. फर्मानावर नोंदीच्या खुणा आहेत, म्हणजे नक्कल वहीत चढली. ती चढल्यावर मूळ भव्य गुंडाळीचं काम राहिलं ते फक्त वाचून दाखवण्याचं आणि ज्याला ती द्यायची त्याच्या हाती देण्याचं. सिनाईच्या साधूंना ती हवी होती, त्यांनी ठेवली. प्रांतातल्या अधिकाऱ्याला धाडलेल्या हुकमाचं काम अंमल झाला की संपलं. असा कागद निकाली काढणं हे बेपर्वाईचं लक्षण नव्हे. कोणता कागद ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे ज्याला कळतं, तोच निर्धास्तपणे सोडतो. आजही कुठल्याही सरकारी कचेरीत कागदांची मुदत ठरलेली असते आणि मुदत संपली की ते निकाली निघतात.

माझा याबाबतीत एक आग्रह आहे. 'रद्दी' या शब्दाने आपण फसतो. गेनीझात आलेले फातिमी कागद म्हणजे जळालेल्या दफ्तरखान्याचे अवशेष नव्हेत. तो कारभाराचा रोजचा पाला आहे. झाड किती मोठं होतं ते पाल्यावरून कळतं.

दफ्तरखाने खरोखर मोडले जातात तेव्हा काय होतं, याचंही उदाहरण इजिप्तमध्येच आहे, ममलूक काळातलं. इतिहासकार अल्-मक्रीझी (मृत्यू १४४२) लिहितो की सुलतान बर्कूकची सत्ता गेली आणि परत आली, त्या उलथापालथीत, म्हणजे १३८९-९० मध्ये, किल्ल्यातल्या लेखनशाळेतले कागद काढून वजनावर विकले गेले आणि त्यांत काय लिहिलं होतं ते लोक विसरले. हे वाचताना वाईट वाटतं. आणि मग पुढची गोष्ट कळते. बेल्जियममधल्या लिएझ विद्यापीठाच्या ग्रंथालयात अल्-मक्रीझीच्या स्वतःच्या हातची टिपणवही आहे. फ्रेदेरिक बोदाँ यांनी ती अभ्यासली. त्यांना दिसलं की काही पानांवर अल्-मक्रीझीच्या बारीक अक्षरांच्या मध्ये मोठी, जाड, वेगळ्याच दिशेची अक्षरं आहेत. त्याने टिपणांसाठी घेतलेला कागद म्हणजे त्याच ममलूक लेखनशाळेची कापलेली फर्मानं आणि पत्रं होती. पानांचा क्रम बदलून, तुकडे खाली-वर लावून बोदाँ यांनी मूळ मजकुराचे भाग पुन्हा जुळवले. तरुणपणी अल्-मक्रीझी त्याच लेखनशाळेत कारकून होता. ज्या दफ्तराच्या नाशाची नोंद त्याने केली, त्याचेच तुकडे त्याच्या वहीने वाचवले, ते दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेमुळे.

अर्थात या पुराव्याला कल आहे, आणि तो ध्यानात ठेवूनच निष्कर्ष काढावा लागतो. गेनीझात आलं ते राजधानीच्या शहरातल्या एका समाजाच्या हातांतून गेलेलं. अर्ज, व्यापारी जकाती, धर्मस्थळांचे हक्क हे विषय त्यात ठळक. सैन्याच्या हजेऱ्या, गावोगावच्या जमीनमोजणीच्या मूळ वह्या त्या मानाने विरळ. म्हणून एका तुकड्यावरून मी कधी नियम सांगत नाही. पण तीच निशाणी, तीच मांडणी, तोच नोंदीचा शब्द वीस-पंचवीस कागदांवर वेगवेगळ्या हातांनी आला, की तो एका कारकुनाचा लहरीपणा राहत नाही, पद्धत ठरते.

मराठी वाचकाला या कामात एक फायदा आहे आणि तो मला मनापासून सांगायचा आहे. दख्खनच्या सुलतानांकडून मराठी दफ्तरात अरबी-फारसी शब्दांचा जो संसार आला, तो इथे मुळाशी भेटतो: दिवाण, जमा, बाकी, वसूल, हिशेब, मजकूर, इनाम. अरबी कागदांत हे शब्द ओळखीच्या माणसांसारखे समोर येतात. अर्थ कुठे कुठे सरकलेले असतात, त्यामुळे सावध राहावं लागतं, पण चेहरा ओळखीचा असतो. वर्षाचा घोळही तसाच. हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. पीक मात्र नाईलच्या पुरावर. त्यामुळे इजिप्तच्या वसुली कागदांत 'खराजी' वर्ष वेगळं चालतं, ते सौर कॉप्टिक महिन्यांशी बांधलेलं, आणि चांद्र वर्षाशी त्याचा फरक वाढला की आकडा पुढे सरकवावा लागे. पेशवाईच्या कागदांत ज्याने शुहूर सन, म्हणजे मृगसाल, पाहिलं आहे त्याला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. अडचण तीच: आकडा हिजरी वळणाचा, वर्ष शेतीचं.

सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर केंब्रिज आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांनी या तुकड्यांच्या प्रतिमा आणि वाचनं सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. पुढची बाजू आधी वाचू नका. प्रतिमा उलटवा. ताव कुठे चिकटवला आहे तो सांधा शोधा, कारण त्यावरून गुंडाळीची दिशा कळते. कागद कापताना कात्री कुठल्या अक्षरातून गेली ते पाहा. दोन ओळींमधलं अंतर मोजा. हात किती ते मोजा. मजकुराकडे सर्वांत शेवटी या, आणि त्यातही आधी तारीख शोधा, कारण ती बहुधा शब्दांत असते. अल्-झाहिर खलिफाने कॉप्टिक साधूंना दिलेलं फर्मान इ.स. १०२४ चं आहे, हिजरी ४१५: 'खम्स अश्रत व अर्बा मिआ'. आणि पेशव्यांचा कारकून शुहूर ११५२, म्हणजे इ.स. १७५१-५२, असा लिहितो: 'इसन्ने खमसैन मया व अलफ'. खमस, मया. दोन्ही ओळी मोठ्याने वाचून पाहा.